जिभेची पत्रिका आणि मंडळाचा हॉल

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आरोग्य शिबिरं भरवणारी महिला मंडळं, तरुण मंडळं आणि पतसंस्था यांच्या सर्व पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तुमच्यापैकी दोन-तीन चेअरमनांच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही असणार, तेव्हा बोलताना कान धरल्यासारखं वाटलं तर चालवून घ्या. हेच पत्र मी आधी एका मंडळाला टपालानं पाठवलं होतं. दोन महिने वाट पाहिली, उत्तर नाही. दरम्यान ज्या शिबिरात वजनाच्या नावावर जनुक तपासणी विकली जाते, तेच शिबिर आणखी दोन गावांत झालं आणि आता मार्गशीर्षात तिसरीकडे ठरल्याचं ऐकते. म्हणून हे चारचौघांत लिहायची वेळ आली.

घडलं ते असं. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एका रविवारी मोफत रक्तदाब आणि शुगर तपासणी होती. चांगलं काम. बायका सकाळी उपाशीपोटी रांगेत उभ्या. रांग संपते तिथे आणखी एक टेबल मांडलेलं, मागे मोठा फलक: ‘तुमचं वजन का वाढतं? उत्तर तुमच्या जिभेत आहे!’ जनुक तपासणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, इंग्रजी कागदावर सही करायची आणि साडेचार हजार रुपये भरायचे. मंडळाच्या सभासदांना पाचशेची सूट. माझ्या धाकट्या जावेनं भिशीचा नंबर लागला त्या पैशातून स्वतःची तपासणी केली आणि सोबत मुलीचीही. मुलगी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला.

पाच आठवड्यांनी गुळगुळीत कागदावर रंगीत अहवाल आला, अठ्ठावीस पानं. त्यात जावेबद्दल लिहिलं होतं की हिला कडू चव कमी कळते, म्हणून ही तेलकट-गोडाकडे वळते, म्हणून लठ्ठपणाचा धोका ‘उच्च’. मुलीच्या पानावर गोड चवीच्या जनुकामुळे ‘तीव्र ओढ’ आणि पुन्हा ‘उच्च धोका’, लाल रंगात. सोबत एका पावडरीच्या डब्याची शिफारस, दरमहा अठराशे रुपये.

माझी जाऊ आठवड्यातून दोनदा कारल्याच्या काचऱ्या करून खाणारी बाई. मुलगी अशी की घरात गोड कुंद्याचा डबा उघडला तर ती शेजारची शेव उचलते. पण छापील कागदापुढे स्वतःची जीभ खोटी ठरते. जाऊ मला म्हणाली, “आक्का, आमच्या रक्तातच हाय म्हणं ते. मग गोळी खाऊन काय उपयोग?” आणि तिनं शुगरची गोळी दिवसाआड केली, मला न सांगता. मुलीनं दुसरं टोक गाठलं. सकाळी चहा, रात्री अर्धी भाकरी. तिसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. स्टुलाचा कोपरा लागून भुवईवर तीन टाके पडले.

आता त्या अहवालातलं खरं किती आणि पदरचं किती, ते शिक्षिकेच्या सवयीनं सांगते.

कडू चवीची गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सला काहीच लागलं नाही. त्या पदार्थाचं लहान नाव पीटीसी. पुढे घराण्याघराण्यांत तपासून कळलं की ही चव लागणं-न लागणं वारशानं येतं, आणि २००३ साली त्यामागचं मुख्य जनुक सापडलं. सातव्या गुणसूत्रावर आहे, नाव टीएएस२आर३८. त्याच्या प्रथिनात तीन ठिकाणी अमिनो आम्लं बदलली की जिभेला ती कडू चव जवळजवळ कळेनाशी होते. माणसात कडू चवीची अशी सुमारे पंचवीस जनुकं आहेत, हे त्यातलं एक.

एक. हा शब्द अहवालात कुठेच नाही. हे जनुक ज्या संयुगांना ओळखतं त्यांच्या जातीची संयुगं कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी या कुळात असतात. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, तो ओळखणारी जनुकंही बहुतेक वेगळी. म्हणजे जावेला कोबी सपक लागत असेल एवढंच त्या काडीवरून म्हणता आलं असतं. कंपनीनं मात्र ‘कारलं-मेथीसारख्या भाज्यांचा कडूपणा तुम्हाला जाणवत नाही’ असं छापलं, बहुधा भारतीय गिऱ्हाइकाला कारलं ओळखीचं म्हणून.

बरं, कडू कमी कळलं तर माणूस भाज्या जास्त खाईल की कमी? साध्या तर्कानं जास्त, कारण तोंड वाकडं होणार नाही. पण काही संशोधकांना असंही दिसलं की ज्यांना ही चव कळत नाही त्यांना गोड आणि स्निग्ध पदार्थ अधिक रुचतात, आणि काही अभ्यासांत अशा बायकांचं वजन थोडं जास्त निघालं. दुसऱ्या अभ्यासांत तसा काही संबंध दिसला नाही. शास्त्रात हे असं चालतंच, त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो या ‘काही वेळा दिसलं, काही वेळा नाही’चं लाल अक्षरात ‘उच्च धोका’ करण्यात.

गोडाचंही तसंच. गोड चव ओळखायला टीएएस१आर२ आणि टीएएस१आर३ या दोन जनुकांची प्रथिनं जोडीनं काम करतात. ती फक्त जिभेवर नसतात, आतड्यातही असतात, आणि तिथे साखरेच्या शोषणाशी, पोटातल्या संप्रेरकांशी त्यांचा संबंध दिसला आहे. म्हणून हा विषय संशोधनाला मोलाचा आहे, मी त्याची टर उडवत नाही. पण मांजराचं बघा. मांजरात या जोडीतलं पहिलं जनुक मोडकं आहे हे २००५ साली कळलं. मांजराला गोड लागतच नाही, वाघालाही नाही. तरी आमच्या गल्लीतला दूधवाल्याचा बोका चार पावलं चालला की धापा टाकतो. गोडाची ओढ शून्य, पोट जमिनीला.

बाण उलटाही असू शकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना आठ आठवडे चरबीचं खाद्य दिलं, तर त्यांच्या जिभेवरच्या स्वादकलिका सुमारे पाव हिश्शानं घटल्या. चव मंद म्हणून वजन वाढलं की वजन वाढलं म्हणून चव मंदावली? दोन-तीन प्रश्न तरी असे उघडे आहेत, आणि आपल्या हॉलमध्ये उत्तर साडेचार हजाराला विकलं गेलं.

वजनावर वारशाचा हात नाही असं मी म्हणत नाही. तो आहे. २००७ साली एफटीओ नावाचं जनुक पुढे आलं. त्याची एक ठरावीक आवृत्ती आई आणि बाप दोघांकडून आलेली माणसं ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोनं जड निघाली. ते जनुक चवीचं नाही. २०१८ साली सुमारे सात लाख युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा वजनाशी नातं असलेल्या, जनुकसंचातल्या नऊशेहून जास्त जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसातल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) फरकापैकी सहा टक्क्यांच्या आसपासच उलगडा करू शकल्या. नऊशे जागा मिळून सहा टक्के. मग जिभेच्या दोन-तीन जागांवर किती वजन टाकायचं ते सातवीतलं पोरही सांगेल. शिवाय ती माहिती युरोपीय लोकांची. आपल्याकडचं शरीर वेगळं वागतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यानं २००४ साली स्वतःचा फोटो आणि मापं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी. मला तो फोटो वर्गात दाखवायला फार आवडायचा.

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का लिहिते, त्याला माझं स्वतःचं एक कारण आहे, आणि ते फारसं भूषणावह नाही.

आनुवंशिकतेचा धडा शिकवताना मी दरवर्षी पीटीसीच्या कागदाचे चिटोरे वाटायची. अर्धा वर्ग ओरडायचा, “बाई, इख हाय!” आणि काही पोरं शांतपणे चघळत बसायची, “कायबी लागत न्हाई की ओ बाई, कागूद हाय नुसता.” धमाल तास. १९९४ साली मी पोरांना चिटोरे घरी नेऊ दिले, आईवडिलांची चव विचारून या म्हणून. पुस्तकात ठाम लिहिलं होतं की दोघाही आईबापांना चव लागत नसेल तर मुलाला लागणार नाही. एक मुलगा दुसऱ्या दिवशी भर वर्गात उठला. त्याला कडू लागलं होतं, आईला नाही, वडिलांना नाही. “मग बाई, हे कसं?” वर्गात दोन पोरं हसली. तेवढं हसणं गावात पोचायला संध्याकाळ लागली नाही. पुस्तक चुकीचं होतं; अपवाद असतात, चव अधलीमधली कळणारे लोक असतात, कागद जुना असतो. हे मला नंतर वाचून समजलं. त्या घरात त्या आठवड्यात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. त्या माउलीच्या दारात जाऊन मी माफी मागितली. तिनं चहा दिला, पण बोलली नाही.

अर्ध्या माहितीचा कागद गावात वाटला की काय होतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आता तक्रारी.

पहिली तक्रार विश्वासाची. त्या टेबलावरच्या मुलीला आमच्या बायकांनी पैसे दिले नाहीत, त्यांनी मंडळाला दिले. हॉल आपला, फलकावर आपल्या मंडळाचं नाव, उद्‌घाटनाला आपल्या वहिनी. प्रत्येक तपासणीमागे मंडळाच्या इमारत निधीला तीनशे रुपये मिळाले, हे मला एका सभासदानंच सांगितलं. ते चूक असेलच असं नाही, पण रांगेतल्या बायकांना ते सांगितलं होतं का?

दुसरी भाषेची, आणि ही मला जास्त झोंबते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाल्या पाहिजेत, हे दाखवत आपण वर्षानुवर्षं निवेदनं देतो. सातबाऱ्याचा उतारा मराठीत द्या, बसवर मराठी पाटी लावा. मी स्वतः अशा मोर्चात चालले आहे. आणि आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच बायकांकडून, आपण इंग्रजी संमतिपत्रावर सह्या घेऊ दिल्या. वाचून कोणी दाखवलं नाही. टेबलावरची मुलगी कन्नड बोलत होती, बिचारीनं तिला येईल तेवढं समजावलं. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कागद मी भिंग घेऊन वाचला. नमुना आणि त्यातली माहिती ‘संशोधन व व्यावसायिक भागीदारांना’ देण्याची परवानगी त्यात होती. जावेनं ती स्वतःची दिली आणि मुलीचीही. थुंकी पुसता येते, ही माहिती पुसत नाही. ती तुमच्या नातवंडांचीही अर्धीमुर्धी असते.

तिसरी, वजनकाट्याची. काट्यापाशी उभा असलेला तरुण प्रत्येकीचं वजन मोठ्यानं सांगत होता, लिहिणारा लांब बसला होता म्हणून. “एकोणऐंशी!” त्यावर मागून शिट्टी. ज्यांना हे क्षुल्लक वाटतं त्यांनी एकदा बेळगावच्या भर गणपत गल्लीत उभं राहून स्वतःचं वजन ओरडून दाखवावं.

चौथी, त्या डब्याची. ‘गोड चवीचं जनुक शांत करणारी’ अशी ती पावडर. खाण्याच्या पावडरीनं जनुक शांत होत नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, आणि ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला तो मनाई करतो त्यांच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. डब्यावर ‘आहारपूरक’ लिहून कंपनी निसटेल की नाही, ते वकील बघतील. फलक लावायला दोरी आपली होती, एवढं पदाधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि अहवाल आल्यावर समजावून सांगायला कोणी नव्हतं. फोन नंबर होता, तो ‘प्रेस वन’, ‘प्रेस टू’ करत पुन्हा पहिल्यावर येतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मार्गशीर्षातल्या शिबिरातून जनुक तपासणीचं आणि पावडरीचं टेबल काढा. नुसतं कोपऱ्यात सरकवू नका. मंडळाच्या जागेत आरोग्याच्या नावावर कोणतीही विक्री नको. कोणाला अशी तपासणी करायचीच असेल तर त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून, आपल्या पायानं जाऊन करावी.

ज्यांनी आधी तपासणी केली आहे त्यांची यादी मंडळाकडे आहे. त्या सगळ्यांच्या वतीनं कंपनीला लेखी पत्र द्या: ज्यांना हवे त्यांचे पैसे परत, नमुने नष्ट, माहिती काढून टाकल्याचं लेखी उत्तर. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ साली केला, त्यात दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. एकटी बाई पत्र लिहील तर कचऱ्यात जाईल, मंडळाच्या लेटरहेडवर जाईल तर निदान फाईल होईल. तीनशे रुपयांचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवा.

अठरा वर्षांखालच्या कोणाचाही नमुना कोणत्याही शिबिरात घेऊ देऊ नका. जो कागद सहीसाठी पुढे येईल तो मराठीत आणि कन्नडमध्ये असावा, आणि सहीआधी मोठ्यानं वाचला जावा. वजन मात्र हळू सांगा.

शिबिरात काय ठेवावं असं विचाराल, तर शिंप्याची टेप. बेंबीच्या जवळून कमरेचं माप, बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांना ९० च्या आत. बीएमआय काढायचाच तर आपल्या लोकांना २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, भिंतीवरच्या जुन्या तक्त्यातला ३० चा आकडा विसरा. आशाताईंकडे आजारांच्या धोक्याची चाचपणी करणारा सीबॅक नावाचा फॉर्म असतो, त्यात कमरेच्या मापाचा प्रश्न आहेच. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची रक्तदाब-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आपल्या शिबिरानं लोकांना तिथपर्यंत पोचवलं आणि महिन्यानं ‘गोळी चालू आहे ना’ एवढं विचारलं, तरी पुष्कळ झालं. चवीबद्दलच बोलायचं असेल तर लग्नाच्या पंगतीत पानातल्या मांड्यांवर आणखी तूप वाढायचा आग्रह करणाऱ्या आपल्या सासरेमंडळींबद्दल एकदा बोलू. त्यांना कुठलं जनुक असतं ते अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाचला मी मंडळाच्या हॉलमध्ये येईन. कोबी चिरून आणेन, पीटीसीचे कागद आता आणत नाही. ज्या बायकांकडे तो रंगीत अहवाल आहे त्यांनी घेऊन यावा, पानं उलटत बसू. खुर्च्या लागणार नाहीत, चटई पुरे. त्या दिवशी मंडळाचा कोणीतरी पदाधिकारी हजर असावा आणि वरच्या मागण्यांवर हो की नाही ते तिथेच सांगावं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
खानापूर तालुका

ता. क. – जावेची गोळी पुन्हा रोज सुरू झाली आहे. मुलीचे टाके काढले, कॉलेजला जाते, परवा दोन भाकऱ्या खाल्ल्या. पावडर उकिरड्यावर गेली. डबा मात्र जावेनं उन्हात वाळवून त्यात कारळाची चटणी भरली आहे. झाकण घट्ट बसतं म्हणाली.